परत पाठवलेली मुलं

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी सावंतवाडीहून मामेभावाचा फोन आला. सलाम-दुआ झाली, मामींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग तो म्हणाला, "आपा, एक काम होतं तुझ्याकडे."

त्याचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. फुटबॉल चांगला खेळतो. गोव्यात त्यांना कुणी एक एजंट भेटलाय. सात लाख रुपये भरायचे, मग पोर्तुगालमध्ये दोन वर्षं अकादमी. राहणं, खाणं, शाळा सगळं त्यात, आणि पुढे "मोठ्या क्लबात चान्स". भाऊ दुकानावर कर्ज काढायला निघाला होता. म्हणाला, "एरवी मी विश्वास ठेवला नसता गं. पण तुझा पोरगा आहेच ना तिथं. तो पोचला, तर माझा का नाही पोचणार?"

मी गप्प राहिले. कारण माझा मुलगा तिथं नाही. 2019 च्या मे महिन्यापासून नाही. आणि ही गोष्ट मी माझ्या माहेरी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

या ब्लॉगवर मी लिस्बनबद्दल बरंच लिहिलं. इथल्या मशिदीबद्दल, माशांच्या बाजाराबद्दल, पावाबद्दल. फुटबॉलबद्दल कधी लिहिलं नाही. काही वाचकांनी विचारलंही होतं, पोर्तुगालमध्ये राहता आणि रोनाल्डोवर एक ओळ नाही? आज लिहिते. भावाला फोनवर जे धड सांगता आलं नाही तेही यातच येईल.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. माझं माहेर सावंतवाडीचं, सासर डिचोलीचं. सासऱ्यांचा जन्म 1961 च्या आधीचा, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज राज्य असतानाचा. त्या हक्काने नवऱ्याला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं आणि 2014 मध्ये आम्ही इथे आलो. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. नवरा हॉटेलच्या स्वयंपाकघरात, मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. आम्ही नदीच्या दक्षिणेला राहतो, आल्मादा भागात. लिस्बन शहर तेजो नदीच्या उत्तर काठावर. आमच्या काठाला इथले लोक नुसतं "दक्षिण काठ" म्हणतात. भाडं कमी, कामगारवस्ती जास्त, आफ्रिकेतून आलेली माणसं पुष्कळ. गिनी-बिसावची, केप वर्दची, मोझांबिकची.

आणि फुटबॉल खूप. लुईस फिगो याच काठावरचा. पाऊलो फुत्रे मोंतिजोचा, तेही इकडेच. लिस्बनच्या दोन मोठ्या क्लबांची मुलांची केंद्रंही याच काठावर आहेत. बेन्फिकाचं सेशालला, 2006 मध्ये सुरू झालेलं. स्पोर्टिंगचं अल्कोशेतला, 2002 मधलं, ज्याला 2020 मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोचं नाव दिलं. तिसरा मोठा क्लब पोर्तो, तो उत्तरेत, तीनशे किलोमीटरवर. आल्मादा काय, अल्कोशेत काय, नावात अरबी 'अल' तसाच राहिलाय. मुलगा लहानपणी मदरशातल्या धड्यातून उठून विचारायचा, "अम्मी, हे गाव आपलं होतं का?" मी म्हणायचे, आधी गणित कर.

इथे कुणी 'अकादमी' हा शब्द फारसा वापरत नाही. म्हणतात 'फोर्मासाँव', म्हणजे घडण. वयाप्रमाणे गटांना नावं आहेत. अगदी छोटे ते पेतीझिश, मग त्राकिनाश, मग बेंजामिन्श, इन्फान्तिश, असं करत एकोणीस वर्षांखालच्या ज्युनियरपर्यंत. प्रशिक्षकाला सगळे "मिस्टर" म्हणतात. आणि मैदानांच्या कडेला उभं राहून मुलं हेरणारा जो माणूस असतो त्याला म्हणतात 'ओल्येरु'. 'ओल्यु' म्हणजे डोळा. नजर ठेवणारा.

या हेरण्याच्या कामातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे स्पोर्टिंगचे औरेलिओ पेरेरा. फुत्रे, फिगो, रिकार्दो क्वारेश्मा, रोनाल्डो, ही सगळी मुलं त्यांच्या नजरेखालून गेली. 2025 मध्ये ते वारले तेव्हा इथल्या टीव्हीवर दिवसभर तेच होतं. स्पोर्टिंगचे लोक अभिमानाने सांगतात की आमच्या घरातून दोन बालों दोर निघाले. फिगोला 2000 मध्ये, रोनाल्डोला 2008 पासून पाच वेळा. पोर्तुगालने 2016 मध्ये युरो कप जिंकला, त्या अंतिम सामन्यात पोर्तुगालकडून चौदा जण खेळले. त्यातले दहा कधी ना कधी स्पोर्टिंगच्या मुलांच्या संघातून गेलेले होते. सारा देश एक कोटीच्या आसपास लोकांचा, त्यात एका क्लबची दहा मुलं.

तो सामना आम्ही इमारतीखालच्या कॅफेत उभ्याने पाहिला. इथे येऊन दोन वर्षं झाली होती, भाषा अर्धी कळत होती. एडेरने 109 व्या मिनिटाला गोल केला आणि शेजारच्या गिनी-बिसावच्या बाईने मला मिठी मारली. एडेर तिच्या देशात जन्मलेला. तो लहानपणी कोइंब्रामध्ये मुलांच्या एका संस्थेत वाढला. या तिन्ही मोठ्या क्लबांच्या घडणीतून न गेलेला. त्या रात्री हे मला माहीत नव्हतं. मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर बसून ओरडत होता, एवढंच आठवतं.

पुढच्या वर्षी, मुलगा दहा वर्षांचा असताना, वस्तीतल्या छोट्या क्लबच्या सामन्यानंतर एक माणूस माझ्याकडे आला आणि त्याने कार्ड दिलं. तीन मोठ्यांपैकीच एका क्लबचा ओल्येरु. क्लबचं नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष कुणाचा हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मुलाचं नावही लिहिणार नाही. तो मराठी वाचत नाही, पण आता फोनच भाषांतर करून देतो.

दोन हंगाम तो तिथं होता. आठवड्यातून तीन दिवस सराव, शनिवारी सामना. मी कामावरून सुटून त्याला शाळेतून घ्यायची, बसमध्ये त्याच्या हातात डबा द्यायची. कुंपणाबाहेर पालकांसाठी एक शेड होती. तिथं तासन्‌तास उभं राहून मी पोर्तुगीज शिकले म्हटलं तरी चालेल. कॅफेत मिठी मारणारी ती गिनीची बाईही तिथं भेटली, तिचा मुलगा एका वर्षाने मोठ्या गटात होता. ती फुला जमातीची, मुसलमान. दौऱ्यावर जाताना मांसाचं काय करायचं, हे आम्ही दोघींनी मिळून मिस्टरला विचारलं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी आमच्या मुलांना मासे मिळाले. हे मुद्दाम लिहिते. त्या लोकांनी आमच्याशी वाईट वागणूक केली असं कुणी समजू नये.

पैसे आम्ही एक सेंटही भरले नाहीत. भावाने हे वाक्य दोनदा वाचावं. मोठ्या क्लबाला मूल खरंच हवं असेल तर तो आईबापाकडे लाखो मागत नाही. किट त्यांचं, डॉक्टर त्यांचा, गाडी त्यांची. जे दुरून येतात त्यांचं वसतिगृहही त्यांचंच.

त्या वसतिगृहातल्या मुलांकडे मी फार बघायची. मदेराची, असोरिसची, आल्गार्वची मुलं. तेरा-चौदा वर्षांची. सराव संपला की आमची मुलं आमच्याकडे धावत यायची आणि ती मुलं रांगेत आत जायची.

तेव्हा मी रोनाल्डोच्या आईबद्दल जे मिळेल ते वाचायला लागले. दोलोरेस तिचं नाव. मदेरा बेटावर फुंशालला राहायची, स्वयंपाक आणि साफसफाईची कामं करायची. नवरा नगरपालिकेत माळी आणि अंदोरिन्या नावाच्या छोट्या क्लबात किट सांभाळणारा. मुलगा आधी त्या क्लबात, मग बेटावरच्याच नासिओनालमध्ये खेळला. 1997 मध्ये, बारा वर्षांचा असताना, तिने त्याला लिस्बनला पाठवलं. मध्ये जवळजवळ हजार किलोमीटर समुद्र. अल्कोशेतची अकादमी तेव्हा नव्हतीच. आज त्याच्या नावाची पाटी जिथे आहे तिथे तो लहानपणी राहिलेला नाही. जुन्या आल्व्हालादे स्टेडियममध्ये मुलांसाठी जागा होती, तिथं तो राहिला. बेटावरच्या बोलीवरून पोरं हसायची. तो जवळजवळ रोज रडायचा, हे त्याने स्वतः सांगितलंय. घरच्यांना तिकीट परवडायचं नाही, तीन-चार महिन्यांतून एकदा भेट.

आणि तो तिथं गेला कसा? नासिओनालवर स्पोर्टिंगचं देणं होतं, दुसऱ्या एका खेळाडूच्या व्यवहारातलं. आजच्या चलनात साधारण साडेबावीस हजार युरो. या मुलाच्या बदल्यात ते फिटलं. बारा वर्षांचं पोर आणि एक जुनी उधारी.

मला हे वाचून आमचे मराठी शब्द आठवले. पगार, मेस्त्री, बटाटा हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द बहुतेकांना माहीत असतात. 'लिलाव'ही त्यांच्याचकडून आलाय. ते 'लेलाँव' म्हणतात. 2003 मध्ये तोच मुलगा 1 कोटी 22 लाख पौंडांवर मँचेस्टर युनायटेडला गेला. 2019 मध्ये बेन्फिकाचा जोआव फेलिक्स एकोणीस वर्षांचा असताना 12 कोटी 60 लाख युरोंना माद्रिदला गेला. पोर्तुगालचे क्लब इंग्लंड-स्पेनच्या क्लबांपेक्षा गरीब. त्यांचं घर चालतं ते मुलं घडवून विकण्यावर. फिफाचा नियमच आहे की खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबात विकला गेला, तर रकमेतले 5 टक्के त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. वय कुठून मोजायचं? बाराव्या वर्षापासून. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाने हिशेबाचं पान उघडतं.

हे मी नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. या नियमामुळे वस्तीतल्या गरीब क्लबांनाही पैसे मिळतात, मैदानावर दिवे लागतात. पण शेडखाली उभं राहून हे कळल्यावर माझी नजर बदलली. मुलं आली की मिस्टर त्यांच्या केसांतून हात फिरवायचा, आणि त्याच वेळी भिंतीजवळ उभा असलेला दुसरा माणूस वहीत काहीतरी लिहायचा. दोन्ही खरं होतं.

2018 च्या मे महिन्यात अल्कोशेतला जे झालं ते त्याच काळातलं. पन्नासेक माणसं तोंडं झाकून आत घुसली आणि त्यांनी स्पोर्टिंगच्या मोठ्या संघातल्या खेळाडूंना मारलं. स्वतःच्याच क्लबचे चाहते, संघ हरला म्हणून. त्यानंतर बऱ्याच खेळाडूंनी करार मोडले, त्यात तिथंच वाढलेला रफाएल लियाओही होता. आमच्या शेडखाली त्या आठवड्यात सगळ्या आया गप्प होत्या. एक म्हणाली, "आपण त्यांना इथं सुरक्षित म्हणून सोडतो ना?" मुलगा सरावाहून आला तेव्हा मी काही विचारलं नाही. त्यानेच विचारलं, "अम्मी, हरलं तर मारतात?"

पुढचं वर्ष 2019. रमजान मे महिन्यात होता. इथे त्या दिवसांत इफ्तार जवळजवळ रात्री नऊला होते. मुलगा बारा वर्षांचा. आम्ही म्हटलं होतं सरावाच्या दिवशी रोजा नको. तो शनिवार-रविवार धरायचा. त्या दिवशी मात्र त्याने आम्हाला न सांगता धरला होता. हंगाम संपत आला होता, पालकांना एकेक करून बोलावलं होतं, आणि पोराला वाटलं होतं रोजा धरून दुआ केली तर कबूल होईल.

छोटी खोली, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. मिस्टर आणि आणखी एक जण. मिस्टरने चांगले शब्द वापरले. मेहनती आहे, स्वभाव छान, तंत्र चांगलं. मग म्हणाला, पण वेग. पुढच्या गटात मैदान मोठं होतं, तिथं वेग लागतो. "आम्ही त्याला पुढच्या हंगामात ठेवू शकत नाही." इथला शब्द आहे 'दिश्पेन्सादु'. सोडलेला, नको असलेला. मला अर्थ कळायला दोन सेकंद लागली. मुलाला लगेच कळला. त्याच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली होती, त्याने ती हातात घेतली आणि परत ठेवली. तेव्हा मला समजलं की त्याचा रोजा आहे.

दहा मिनिटांत आम्ही बाहेर. दुसऱ्या माणसाने दारात एक कागद दिला, परत करायच्या वस्तूंची यादी. ट्रॅकसूट, जॅकेट, सरावाचे दोन जोड, मोजे चार जोड, बॅग. आठवड्याच्या आत. बस. दोन वर्षं तीनदा आठवड्याला जिथे गेलो, तिथून परत निघताना कुणी एवढं म्हणालं नाही की उद्यापासून याने कुठे खेळावं. कुठल्या छोट्या क्लबाला फोन करून देऊ का, असंही नाही. पुढच्या महिन्यात फोन करून विचारणं तर दूरच.

त्या रात्री त्याने खजूर तोंडात घेतला आणि तो गिळेना. नवरा कामावर होता. मी त्याला जवळ घेऊन बसले, पण खरं सांगायचं तर मला माझंच रडू आवरत नव्हतं.

यादीतला एक मोजा मिळाला नाही. सगळं घर उपसलं. शेवटी तीन युरो भरले.

आता त्या गोष्टीकडे येते ज्यासाठी हा लेख लिहायला बसले. मुलगा दोन महिन्यांत सावरला. वस्तीतल्या क्लबात परत गेला, जुन्या मित्रांनी पहिल्या दिवशी चिडवलं, दुसऱ्या दिवशी विसरले. सावरले नाही ती मी. व्हॉट्सॅपवर माझा फोटो होता त्या मोठ्या क्लबच्या जॅकेटमधल्या मुलाबरोबरचा. तो मी काढला नाही. सावंतवाडीहून मामी विचारायच्या, "पोराचं फुटबॉल कसं चाललंय?" मी म्हणायचे, "अल्हम्दुलिल्लाह, छान." ते खोटं नव्हतं, तो खेळतच होता. पण त्यांना काय समजतंय हे मला माहीत होतं. अर्धवट सत्य सांगून पूर्ण गैरसमज होऊ दिला. सहा वर्षं.

का? कारण परत आलेल्या मुलाची आई व्हायचं नव्हतं. आपल्याकडे ही लाज मी आधीही पाहिली होती. माझा धाकटा भाऊ दहाव्या वर्षी हिफ्जसाठी लांबच्या मदरशात गेला, आणि सतरा पारे पाठ करून आजारी पडून परत आला. सतरा पारे! पण गल्लीत त्याची ओळख काय राहिली? "हाफिज होऊ न शकलेला." अब्बा त्याला लग्नाकार्यात मागे बसवायचे. त्या वेळी मला अब्बांचा फार राग यायचा. आणि मी स्वतः काय केलं? मुलाला मागे बसवलं नाही, त्याच्या जागी जुना फोटो पुढे बसवला.

हे कळायला मुलाचंच वाक्य लागलं. सोळा-सतरा वर्षांचा असताना त्याने एकदा माझा फोन हातात घेतला आणि म्हणाला, "अम्मी, या फोटोतला मुलगा तुला जास्त आवडतो का?" मी फोटो त्याच रात्री काढला. पण माहेरी कळवलं नाही.

मोठ्या क्लबांबद्दल बोलताना आपण पोचलेल्यांची नावं घेतो. पण ज्यांना परत पाठवलं त्यांच्याकडे बघितल्याशिवाय हे काम कसं चालतं ते कळत नाही. जोआव फेलिक्स आधी पोर्तोच्या मुलांत होता. अंगाने किरकोळ, तिथं त्याला खेळायला मिळेना, म्हणून 2015 मध्ये बेन्फिकात आला. चार वर्षांनी त्याची किंमत काय झाली ते वर लिहिलंच आहे. बर्नार्डो सिल्व्हा बेन्फिकाचाच, लहानखुरा, मोठ्या संघात त्याला जेमतेम संधी दिली आणि मोनॅकोला विकला. जोझे फॉन्तेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. तो स्पोर्टिंगच्या मुलांच्या संघात वाढला, पण मोठ्या संघात एकही सामना मिळाला नाही. छोट्या क्लबांत फिरला, इंग्लंडला गेला, तिथं तिसऱ्या पातळीच्या लीगमध्येही खेळला. पोर्तुगालकडून पहिला सामना खेळला तेव्हा तीस वर्षांचा होता. 2016 च्या त्या अंतिम सामन्यातल्या दहा जणांत त्याचंही नाव मोजतात. म्हणजे ज्याला सोडलं, त्यालाही नंतर आपलाच म्हणून मोजलं.

पण ही उदाहरणं देऊन मी भावाला आशा लावणार नाही. परत पाठवलेले बहुतेक फॉन्ते होत नाहीत. जिंकलेलेही सगळे पुढे जात नाहीत. 2022 च्या एप्रिलमध्ये बेन्फिकाच्या मुलांनी युरोपची युवा लीग जिंकली. आधी तीन अंतिम सामने हरले होते, या वेळी साल्झबर्गला 6-0 ने हरवलं. त्यातला आंतोनियो सिल्व्हा त्याच वर्षी विश्वचषकात खेळला. तीन गोल करणारा एन्रिके आरौझु मात्र पुढे एका क्लबातून दुसऱ्या क्लबात उधारीवर फिरत राहिला. तोही फुंशालचाच, रोनाल्डोच्या गावचा. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या मुलांच्या सामन्यात तीन गोल! त्याच्या आईलाही कुणी विचारत असेल, "मग पुढे काय झालं?"

म्हणून मी आता एवढंच मानते. कुठलीही अकादमी असो, फुटबॉलची असो, हिफ्जची असो की कोट्याच्या क्लासेसची असो, ती कशी आहे हे तिच्या भिंतीवरच्या फोटोंवरून ठरवू नका. ज्या मुलाला ती परत पाठवते, त्याला कसं परत पाठवते ते विचारा. त्याच्याशी कोण बोलतं? त्याची शाळा मध्ये सुटली का? सहा महिन्यांनी कुणी फोन करतं का? आणि हाच प्रश्न घरालाही विचारा. ते मूल परत आलं, तर तुम्ही त्याला कुठे बसवणार आहात?

भावासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. फिफाचा नियम आहे की अठरा वर्षांखालच्या मुलाची दुसऱ्या देशात क्लबकडे नोंदणी होत नाही. मोजके अपवाद आहेत. आईबाप फुटबॉलव्यतिरिक्त दुसऱ्या कारणाने तिथं राहायला आले असतील तर, युरोपातल्या युरोपात सोळाच्या पुढे असेल तर, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेला लागून असतील तर. सावंतवाडीतल्या तेरा वर्षांच्या मुलाला यातलं काहीही लागू नाही. मग एजंट पैसे कशाचे घेतो? खाजगी वसतिगृहाचे आणि स्वप्नाचे. 2023 च्या जून महिन्यात इथल्या पोलिसांनी उत्तरेतल्या अशाच एका खाजगी अकादमीवर छापा घातला. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशियातून आणलेली अल्पवयीन मुलं तिथं सापडली. त्यांच्या आईबापांनीही कुणाच्या तरी मुलाचा फोटो पाहिला असेल.

हे सगळं मी त्या रविवारी फोनवर सांगितलं नाही. दोन दिवस झोप लागली नाही. मंगळवारी मी फोन केला आणि आधी फोटोचं सांगितलं. सहा वर्षांचं सगळं. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आपा, मी पन्नास हजार देऊन बसलोय."

ते पैसे परत मिळतील असं वाटत नाही. एजंट फोन उचलत नाही. त्यातले निम्मे मी पाठवतेय, भाऊ नको म्हणाला तरी. त्याने फसवणूक त्या एजंटच्या नावावर मांडावी, पण निम्मा वाटा माझा आहे हे मला माहीत आहे.

मामींना काल सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटलं पोराला काही झालं."

मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. वीजकामाचा कोर्स करतो, रविवारी जिल्ह्याच्या लीगमध्ये वस्तीच्या संघाकडून खेळतो. परवा तो भाच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता, मोडक्या मराठीत. भाच्याने विचारलं, "दादा, तुला त्यांनी का काढलं?" मी भांडी घासत होते, पाणी बंद केलं. तो म्हणाला, "मी स्लो होतो. अजून पण स्लो आहे." आणि दोघंही हसायला लागले. मग म्हणाला, "तू डाव्या पायाने किती मारतोस, ते दाखव."

तिकडे अंगण अरुंद आहे. चेंडू तुळशीवृंदावनापर्यंत, म्हणजे शेजारच्या काकूंच्या दारात गेला. काकू ओरडल्या. मी पाणी परत सुरू केलं.